टेकडी, तलाव आणि खंड्या

देवासात उभा जन्म काढलेल्या माणसास पाहुण्याने विचारले की, "तुमच्या गावी पाहण्यासारखे काय आहे?", तर तो बोट वर करून टेकडी दाखवितो आणि चहाचे विचारतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. टेकडी उंबऱ्यातून दिसते, गच्चीतून दिसते, दाढी करताना खिडकीतून दिसते. आणि जे असे अष्टौप्रहर दिसते, ते पाहावयाचे राहून जाते. नवरात्रात एकदा दर्शनास जावे, बाहेरगावचे कोणी आले तर त्यांस पायऱ्यांपर्यंत पोहोचवून यावे, एवढाच आमचा आणि तिचा संबंध. मीठा तलाव तर त्याहूनही परका. तो शाळेच्या वाटेवर नव्हता, बाजाराच्या वाटेवर नव्हता. त्यामुळे कित्येक वर्षे त्याचे पाणी आमच्या दृष्टीसही पडले नसेल.

टेकडी आणि तलाव यांची आमची खरी ओळख झाली ती वयाच्या साठीनंतर, आणि ती करून दिली एका कुत्र्याने.

२०१३ सालची चंपाषष्ठी होती. आमचे कुलदैवत खंडोबा. आमचे पूर्वज पवारांच्या मागोमाग माळव्यात आले, तेव्हा देव्हाऱ्यातले टाक बरोबर घेऊन आले. पुढे बोलण्यात हिंदी मिसळली, पानात दाल-बाफले आले. पण चंपाषष्ठीची तळी आणि वांग्याचे भरीत-रोडगे काही सुटले नाहीत. देवास नैवेद्य दाखविला की त्यातला वाटा कुत्र्यास घालावयाचा, ही रीत. कुत्रा हा मल्हारीचा सोबती. जेजुरीचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवीत आणि कोटंब्यातले अन्न खात, ते याच नात्याने. त्या दिवशी सौ. वाटा घेऊन दाराशी गेल्या, तो पायरीवर दीड-दोन महिन्यांचे एक पिल्लू बसलेले. रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला. त्याने भरीत-रोडगा चाटून पुसून खाल्ला आणि उंबऱ्यावरच ताणून दिली. संध्याकाळी आम्ही त्यास कोपऱ्यापर्यंत सोडून आलो. रात्री ते पुन्हा हजर!

"देवाच्या वाट्याला आलेले आहे, राहू द्या," सौ. म्हणाल्या. नाव शोधण्याची गरजच उरली नाही. तो खंड्या झाला.

त्याच वर्षी आम्ही शाळेच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो. रक्तातली साखर वाढली होती, आणि रोज तासभर चाला, असे डॉक्टरांनी बजावले होते. आमच्यासारख्या गृहस्थास डॉक्टरांचे सांगणे उद्यावर ढकलण्याची कला चांगली साधलेली असते. परंतु पहाटे पाच वाजता पांघरूण ओढणाऱ्या कुत्र्यास 'उद्या' म्हणजे काय, ते कळत नाही. पहिले दोन-तीन महिने आम्ही कुरकुरत उठलो. पुढे तो उठण्यापूर्वीच आम्हांस जाग येऊ लागली, आणि सौ. ज्या दिवशी "अहो, मीही येते" म्हणाल्या, त्या दिवसापासून हा तिघांचा नेम झाला.

गल्लीतील संस्थाने

आमचे घर जुन्या वस्तीत आहे. तेथून टेकडीच्या पायथ्याशी जावयाचे, टेकडी चढावयाची किंवा तिच्या कडेकडेने फिरावयाचे, आणि तलावाकडून घरी परतावयाचे, असा हा फेरा. तरण्या माणसास तो सहज पुरा करता यावा. आम्हांस रमतगमत दोन तास लागत.

आरंभीच जुन्या बाजाराच्या गल्ल्या लागतात. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या काळी, १७२८च्या सुमारास, तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू माळव्यात स्थिरावले. त्यांच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. आणि एकाच गावात दोन दरबार, दोन राजवाडे नांदू लागले. गावातल्या रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची आणि समोरची धाकट्या पातीची, असा प्रकार होता. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, आणि ही वाटणी वडीलधाऱ्यांच्या गोष्टींपुरती उरली.

खंड्याबरोबर फिरू लागलो तेव्हा कळले, की माणसांची संस्थाने विलीन झाली, कुत्र्यांची झालेली नाहीत. प्रत्येक वळणावर चार-पाच जणांची चौकी असते. तिच्या हद्दीत पट्टा बांधलेला परका कुत्रा शिरला, की एकच गिल्ला होतो. पहिल्या आठवड्यात घाबरून आम्ही खंड्यास उचलून पळालो, आणि सारी फौज मागे लागली. पळणाऱ्याचा पाठलाग करणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. मग शिकलो: साखळी आखूड धरावी, डोळ्यांस डोळा देऊ नये, न थांबता आणि न धावता चालत राहावे. महिनाभराने त्या चौक्यांनी आमची ओळख पटवून घेतली. तरीही खंड्यास रेबीजची लस दरवर्षी न चुकता टोचविली जाते. आणि कोणासही, कोणत्याही कुत्र्याचा दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावून स्वस्थ बसण्याची आमच्या घराण्यातली जुनी खोड या निमित्ताने गेली, हेही एक कामच झाले.

देवीच्या पायाशी

टेकडी गावापासून वर सुमारे ३०० फूट उठते. वर दोन देवी आहेत. तुळजाभवानी ही थोरली माता आणि चामुंडा ही धाकटी. लोक त्यांस बहिणी मानतात. चामुंडेची मूर्ती तर कातळातच कोरलेली आहे. वर जाण्यास पायऱ्यांचा मार्ग आहे, उताराची फरसबंद वाट आहे आणि आता दोरावरचा पाळणाही आहे.

पहिल्याच दिवशी प्रश्न पडला: कुत्र्यास वर न्यावे काय? काळभैरवाचे वाहन कुत्रा, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्रे, स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाची सोबत करणारा कुत्राच. हे सारे आम्हांस ठाऊक होते आणि वादात ते मांडताही आले असते. पण देवळाच्या आवारात कुत्रा आलेला कित्येक भाविकांस रुचत नाही, लहान मुले घाबरतात, आणि गर्दीत बिचारा कुत्राही बावरतो. आपल्या हौसेचा भार दुसऱ्याच्या श्रद्धेवर टाकू नये, असे आम्ही ठरविले. एक दिवस सौ. वर जाणार आणि आम्ही खंड्यास घेऊन पायथ्याशी बसणार. दुसऱ्या दिवशी आम्ही वर, त्या खाली. नवरात्रात तर तिकडे फिरकावयाचेच नाही. त्या दिवसांत यात्रेकरूंचा पूर लोटतो.

पायथ्याशी हार-फुलांचे दुकान मांडणारी एक म्हातारी असे. खंड्या तिच्या टोपलीशेजारी बसू लागला. आम्ही एकदा संकोचून म्हटले, की याचा त्रास होत असेल तर दुसरीकडे बसतो. ती हसून म्हणाली, "बैठने दो बाबूजी, माताजी के दरबार में पहरेदार भी तो चाहिए." तेव्हापासून ती जागा त्याची झाली.

एकदिवसाआड असे बसून राहिल्याने, जे चढून गेल्याने दिसले नसते ते दिसले. पोलीसभरतीसाठी पायऱ्या धावत चढणारी खेड्यांतली मुले. अंगावरची हळद न उतरलेली जोडपी. दर दहा पायऱ्यांवर थांबून उरलेल्या पायऱ्या मोजणारे आजोबा. आणि ज्या दिवशी आमची वर जाण्याची पाळी असे, त्या दिवशी कड्यावरून खाली पाहताना पायथ्याच्या गर्दीत सौ.चे पातळ आणि त्याशेजारी एक मातकट ठिपका हुडकण्याचा आम्हांस छंदच लागला.

वरून सारे गाव आणि त्यापलीकडे काळ्या जमिनीचा माळवा दूरवर पसरलेला दिसतो. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली सहा महिने थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून येथे राहिला. त्या दिवसांच्या पत्रांचे आणि आठवणींचे पुस्तक त्याने १९५३ साली काढले, त्याचे नावच मुळी 'द हिल ऑफ देवी'. सातासमुद्रांपलीकडच्या माणसाने आपल्या पुस्तकास या टेकडीचे नाव द्यावे, आणि आम्ही ती दाढीच्या आरशाआडून पाहत साठ वर्षे घालवावीत! याची थोडी लाज वाटली, हे कबूल केले पाहिजे.

थांबणारे नाक, ऐकणारा कान

टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे 'भानुकुल' आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीस १९२४ साली जन्मलेला हा गायक १९४८च्या जानेवारीत क्षयाने जर्जर होऊन देवासास आला, तो येथील कोरड्या हवेसाठी. काही वर्षे अंथरुणावर गेली. गाण्यास मनाई होती. पण ऐकण्यास कोण मना करणार? माळव्यातल्या बायकांची ऋतूंची आणि लग्नकार्याची गाणी, शीलनाथ महाराजांच्या धुनीवरची नाथपंथी भजने हे सारे ते ऐकत राहिले. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध लागू पडले, आणि १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले, ते निराळेच गाणे घेऊन. १२ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी देह ठेवला, तोही देवासातच.

आम्हांस गाण्यातले फारसे कळत नाही. पण या वाटेने जाताना मनात येई, की ज्यास चालता येत नव्हते आणि गाता येत नव्हते, त्यास याच टेकडीखाली पडल्यापडल्या केवढे ऐकू आले; आणि आम्ही धडधाकट असून काय ऐकले? खंड्या त्या वळणावर हमखास थांबे. त्याचा एक उभा कान फिरे, नाक जमिनीस लागे. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी माणसाच्या कित्येक पट अधिक असतात. आपणांस जो नुसता खांब, तो त्यास कालपासून कोण आले आणि कोण गेले याची चोपडीच असते. प्रारंभी आम्ही साखळी ओढून त्यास घाई करीत असू. मग एका पशुवैद्यांनी सांगितले, की पाय मोकळे होणे ही कुत्र्याची निम्मी गरज. उरलेली निम्मी हुंगण्याने भागते. तेव्हापासून तो थांबला की आम्हीही थांबू लागलो. अशाच एका थांब्यावर, कडुनिंबाच्या फांदीवर बसलेला तांबट आम्ही जन्मात प्रथम नीट पाहिला. त्याची 'टुक टुक' मात्र लहानपणापासून ऐकत आलो होतो.

मीठा, म्हणजे गोड

तेथून उतरून, गावातून आडवे होऊन तलावाकडे यावयाचे. आमच्या पुण्याच्या एका आतेबहिणीस 'मीठा तलाव' या नावावरून तेथे खारे पाणी असेल असे वाटले होते. मीठा म्हणजे गोड, हे सांगितल्यावर ती खूप हसली. तलावाशेजारी पवार राजघराण्यातील दिवंगतांच्या मराठा धाटणीच्या छत्र्या आहेत. सकाळचे ऊन प्रथम त्यांच्या शिखरांवर पडते, मग पाण्यावर उतरते.

थंडीच्या दिवसांत पाण्याकाठी बगळे उभे असतात, पाणकावळे पंख वाळवीत बसतात, टिबुकल्या बुडी मारून भलतीकडेच वर येतात. येथेच एकदा मौज झाली. निळा-तांबूस खंड्या पक्षी पाण्यावर सूर मारताना पाहून सौ. ओरडल्या, "अहो, खंड्या! खंड्या!" आणि आमचे चतुष्पाद चिरंजीव आपणांसच हाक आली असे समजून चिखलातून धावत त्यांच्या पातळावर येऊन आदळले!

त्यास तलावाचे पाणी मात्र आम्ही पिऊ देत नाही. उन्हाळ्यात साचल्या पाण्यावर जी हिरवी-निळी साय धरते, तिच्यात कुत्र्याच्या जिवावर बेतणारे विष असू शकते. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा आजार होतो, तो वेगळाच. म्हणून पिशवीत पाण्याची बाटली आणि एक वाडगे ठेवलेले असते. उन्हाळ्यात आठाच्या आत घरी परतावयाचे. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्यास अंग निववावे लागते. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात अंक मोजेपर्यंत ठेवता आली नाही, तर त्यावर त्याचे तळवेही पोळतात, असे समजावे. पावसाळ्यानंतर कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधणे हे सौ.चे काम.

तलावाकाठी बसलो की १९९०चा उन्हाळा आठवतो. त्या एप्रिलात इंदूरहून पाण्याचे टँकर भरलेली आगगाडी देवासास आली. जेथे पावलोपावली पाणी असे माळव्याचे वर्णन करीत, त्या माळव्यातल्या गावाची तहान रुळांवरून आलेल्या पाण्याने भागवावी लागली. आधीच्या तीस वर्षांत गावातली तळी बुजवून त्यांवर घरे आणि कारखाने उभे राहिले, त्याचे हे फळ, असे अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३च्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. आम्हीही त्या उन्हाळ्यात बादल्या घेऊन रांगेत उभे होतो. पण बुजलेल्या तळ्यांची आठवण आम्हांस रांगेतही झाली नव्हती. पुढे २००६पासून देवास जिल्ह्यात शेतकऱ्यांनी आपल्या शेतांत हजारो तळी खोदली आणि विहिरींस पुन्हा पाणी दिसू लागले. ज्या तळ्याकाठी आपण रोज बसतो, ते बुजविण्याची गोष्ट कोणी काढली तर आपण गप्प राहणार नाही. ज्याचे तोंडही पाहिले नाही, त्यासाठी कोण भांडणार?

उताराची वाट

आमचे खरे चिरंजीव पुण्यास असतात. गेली चार-पाच वर्षे त्यांचा आग्रह चालू आहे, की आई-बाबांनी आता तिकडे यावे. आग्रह मनापासूनचा आहे आणि त्यात खोटे काही नाही. आम्हां दोघांची वये झाली. रात्री-अपरात्री काही झाले तर येथे धावणारे कोणी घरचे नाही. आपल्या वाचकांपैकी इंदुरास, ग्वाल्हेरास, बडोद्यास किंवा बेळगावास राहणाऱ्या कितीएक घरांत हा विषय निघत असेल. मुले पुण्या-मुंबईस, बंगळुरास किंवा परदेशी. आणि वाड्यात दोन म्हातारी माणसे. आमच्यापुरते बोलावयाचे, तर आम्ही प्रत्येक वेळी खंड्यास पुढे केले. "अकराव्या मजल्यावर हा कसा राहील?" असे विचारले, की विषय तेवढ्यापुरता मिटे.

२०२४च्या हिवाळ्यात खंड्या उताराच्या वाटेवर मध्येच बसला. हाक मारली, तर शेपूट हलवी, पण उठेना. पशुवैद्यांनी तपासून मागच्या पायांच्या सांध्यांचे दुखणे सांगितले. वय झाले, चढण बंद करा, थोडे थोडे पण रोज चालवा, वजन वाढू देऊ नका, असे सांगून औषध दिले. घरी येताना सौ. रिक्षात काही बोलल्या नाहीत. रात्री म्हणाल्या, "त्याच्या नावावर आपण किती दिवस टाळणार?" आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्या दिवाळीस चिरंजीव आले. आम्हांस ताप होता, म्हणून पहाटे तेच खंड्यास घेऊन बाहेर पडले. अर्ध्या तासात येणारा मनुष्य दोन तासांनी आला. बूट चिखलाने भरलेले. म्हणाले, "बाबा, इतकी वर्षे या गावात वाढलो, पण तलावाच्या काठाने आज पहिल्यांदा चाललो. तो दर दहा पावलांवर थांबतो, मी काय करणार?" मग चहा घेता घेता ती फूल विकणारी म्हातारी कुठे असते, असे विचारू लागले, खंड्या तिच्या रिकाम्या जागेशी जाऊन बराच वेळ बसला होता. ती गेल्या पावसाळ्यात वारली, हे आम्ही त्यांस सांगितले.

पुण्याचा विषय त्यांनी त्या खेपेस काढला नाही. तो मिटला असे मात्र नाही. खंड्यानंतर आम्ही पहाटे उठू काय, फिरू काय, आणि फिरलो नाही तर या गावात राहण्यास कोणते कारण उरेल, हे प्रश्न आम्ही दोघे आता उघड बोलतो. पूर्वी बोलत नव्हतो. उत्तर सापडलेले नाही, आणि ते कुत्र्याच्या गळ्यात बांधू नये एवढे मात्र ठरले आहे. आम्ही येथे राहिलो तर आमच्या मनाने राहू, गेलो तर आमच्या मनाने जाऊ.

यंदाच्या चंपाषष्ठीस खंड्यास आमच्या घरी येऊन बारा वर्षे होतील. सारा फेरा आता एका दिवसात होत नाही, म्हणून आम्ही त्याचे दोन भाग केले आहेत. एक दिवस टेकडीचा पायथा. दुसऱ्या दिवशी तलाव, आणि तेथवर जाण्यास रिक्षा. रिक्षावाले प्रथम कुत्रा पाहून नाही म्हणत. एकाने हो म्हटले, तोच आता ठरलेला आहे. मागच्या बाकावर मध्यभागी खंड्या बसतो, दोहों बाजूंस आम्ही दोघे.

उद्या तलावाची पाळी आहे. रिक्षावाल्यास पहाटे साडेपाचास यावयास सांगून ठेवले आहे.